उजवे हृदय पुढे, डावे मागे

शाळेच्या पाठ्यपुस्तकातील मानवी हृदयाची आकृती ज्याने एकदा वहीत उतरविली, तिच्यात चार कप्पे पाडले, एका बाजूस निळा आणि दुसऱ्या बाजूस तांबडा रंग भरून बाणांच्या टोकांनी रक्ताची ये-जा दाखविली आणि परीक्षकाकडून तिच्याबद्दल पुरते गुणही पदरात पाडून घेतले, त्याच्या मनात हृदयाविषयीची एक चुकीची समजूत बहुधा जन्मभरासाठी घर करून राहते. ती अशी की, उजवे हृदय आणि डावे हृदय म्हणजे एका भिंतीच्या दोन्ही अंगांना शेजारी-शेजारी काढलेल्या खोल्या होत. वस्तुस्थिती निराळी आहे. छातीच्या पिंजऱ्यात हृदय तिरके आणि काहीसे पिळून बसविलेले असल्यामुळे उजवा निलय हा उरोस्थीच्या लगोलग मागे, म्हणजे सर्वांत पुढे येतो. डावा अलिंद सर्वांत मागे, पाठीच्या कण्याच्या दिशेने जाऊन अन्ननलिकेला टेकतो. आणि ज्या डाव्या निलयाचा एवढा बोलबाला, तो समोरून पाहणाऱ्याला डाव्या कडेची एक पट्टी आणि खालचे टोक एवढाच दिसतो. संधिवाती ज्वराने डाव्या बाजूची द्विदल झडप आक्रसली की मागचा अलिंद फुगत जातो आणि क्वचित अन्ननलिकेवर इतका दाब आणतो की घास उतरत नाही, अशी तक्रार घेऊन रोगी येतो. दुखणे हृदयाचे आणि गाऱ्हाणे गिळण्याचे, हा संबंध सपाट आकृतीवर वाढलेल्या विद्यार्थ्याला कितीही पाठांतर केले तरी दिसायचा नाही.

यात पाठ्यपुस्तक रचणाऱ्यांचा अपराध नाही. दोष असेल तर तो कागदाचा आहे. कागदाला खोली नसते आणि त्याच्यावरचे चित्र हलत नाही, आणि हृदय ही तर अशी वस्तू की जिचे निम्मे मर्म तिच्या खोलीत आणि उरलेले तिच्या हालचालीत साठविलेले आहे. मांडीचे हाड कागदावर बऱ्यापैकी उतरते. हृदय उतरत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत वैद्यकीय शिक्षणात, आणि आता हळूहळू शाळांच्या खरेदीच्या याद्यांतही, ज्या दोन तंत्रांचा गवगवा होत आहे, त्या आभासी वास्तवाचा आणि संवर्धित वास्तवाचा, म्हणजे व्यवहारात ज्यांना व्हीआर आणि एआर म्हणतात त्यांचा, विचार या एका धाग्याने करावा असे मला वाटते. कागदाची ही दोन व्यंगे ती दूर करतात. त्याहून अधिक काही साधल्याची ग्वाही जो विक्रेता देईल, त्याची निविदा शाळेच्या मुख्याध्यापकाने आणि महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांनी दोनदा वाचावी.

खोलीची आणि हालचालीची ही अडचण फार जुनी आहे. सुश्रुताने शारीरस्थानात प्रेताच्या परीक्षणाची जी रीत सांगितली, तिच्यात प्रेत गवताने वेढून पिंजऱ्यात ठेवावे, वाहत्या पाण्यात सात दिवस मुरू द्यावे आणि मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासून एकेक थर उलगडत आतले अवयव डोळ्यांनी पाहावेत, असा क्रम आहे. थरामागून थर दूर करीत खोलवर जाण्याची आजच्या संगणकीय प्रतिकृतींची जी हातोटी, तिचे बीज या वर्णनात आढळते. त्याच ग्रंथात हृदयाला खाली तोंड केलेल्या कमलाची उपमा दिली आहे. आकृतीच्या दृष्टीने ती मोठी मार्मिक आहे. ते कमल जागेपणी उमलते आणि झोपेत मिटते, ही पुढची कल्पना मात्र सुंदर असली तरी प्रत्यक्षाशी जुळत नाही, कारण झोपलेल्या माणसाचे हृदयही मिटण्या-उमलण्याचे काम अखंड करीतच असते. गती प्रेतात दिसत नाही, हेच या चुकीचे कारण.

ही गती पाहण्यासाठी विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने जे कष्ट घेतले, ते आजच्या शिक्षकाने अवश्य जाणून घ्यावेत. जिवंत प्राण्याचे धडधडते हृदय त्याने पहिल्यांदा पाहिले तेव्हा आकुंचन कोणते आणि प्रसरण कोणते हेच त्याला ठरविता येईना. एवढ्या झपाट्याची ती हालचाल एका ईश्वरालाच उमगत असेल, असे त्याला वाटू लागले होते. मग तो बेडूक, साप, मासे अशा थंड रक्ताच्या प्राण्यांकडे वळला, कारण त्यांचे हृदय संथपणे चालते. आणि मरणोन्मुख प्राण्यांकडे वळला, कारण त्यांचे हृदय अडखळत, सावकाश थांबत जाते. अर्ध्या तासात हृदयातून जाणारे रक्त शरीरातल्या एकूण रक्ताहून अधिक भरते, असा हिशेब मांडून रक्त फिरून-फिरून तेच येते हा निष्कर्ष त्याने १६२८ साली प्रसिद्ध केला. सूक्ष्म केशवाहिन्या मालपीगीने सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या त्या १६६१ साली. हार्वेला हवी होती ती वस्तू म्हणजे हृदयाचा वेग आपल्या मर्जीने कमी करणारी किल्ली. ती आज व्हीआरच्या हृदयपाठांत एका बटणावर असू शकते, आणि माझ्या मते त्या पाठांतील सर्वांत मोलाची गोष्ट तीच.

खोलीच्या प्रश्नावरचा उपायही एकाएकी सापडलेला नाही. दोन डोळ्यांना किंचित भिन्न कोनांतून काढलेली दोन चित्रे निरनिराळी दाखविली, तर मेंदू त्यांचे एक घनाकार चित्र बनवितो, हे व्हीटस्टनने १८३८ साली दाखवून दिले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी एडिंबरोहून शरीररचनेचा अशा जोडचित्रांचा संग्रह निघाला. आणि १९५० नंतरच्या दशकात डेव्हिड बॅसेट या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञाने विल्यम ग्रूबर याच्या साहाय्याने विच्छेदनाच्या जोडचित्रांचा अवाढव्य ॲटलास सिद्ध केला. हा ग्रूबर म्हणजे व्ह्यू-मास्टरचा जनक. खटका दाबला की चकती पुढे सरकते आणि डोळ्यांसमोर ताजमहाल उभा राहतो, ते खेळणे आपल्यापैकी पुष्कळांनी हाताळले आहे. त्याच खेळण्यातून एके काळी वैद्यकाचे विद्यार्थी मानेच्या नसा पाहत होते. आयव्हन सदरलंडने १९६८ साली डोक्यावर बसणारा आणि डोके वळेल तसे चित्र वळविणारा पडदा तयार केला. पुढे २०१४ साली गूगलने पुठ्ठ्याची घडी घालून तिच्यात फोन सरकविण्याची काटकसरी युक्ती काढली, २०१६ साली मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स हा हेडसेट बाजारात आला आणि अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने तो शरीररचनेच्या वर्गात आणला.

यंत्राची रीत थोडक्यात सांगता येते. व्हीआरचा हेडसेट भोवतालचे जग झाकून टाकतो, दोन्ही डोळ्यांना दोन चित्रे पुरवितो आणि डोके कोठे, किती वळले याची नोंद घेऊन चित्र सेकंदाला सत्तर-नव्वद वेळा नव्याने रेखाटतो. डोके वळणे आणि चित्र वळणे यांत क्षणाच्या सूक्ष्म अंशाहून अधिक विलंब पडला, की कान सांगतो एक आणि डोळा सांगतो दुसरेच, आणि पोटात ढवळू लागते. एआरमध्ये भोवतालचे जग दिसतच राहते. फोनचा कॅमेरा समोरच्या टेबलाचा पृष्ठभाग ओळखतो आणि पडद्यावर त्या टेबलावर हृदय ठेवल्याचा देखावा करतो. विद्यार्थी टेबलाभोवती फिरून ते मागून पाहू शकतो, आणि मागून पाहिल्याबरोबर डावा अलिंद आणि त्याला येऊन मिळणाऱ्या चार फुप्फुसशिरा त्याच्या नजरेस पडतात. एका फोनभोवती पाच-सहा मुले उभी राहून आपसांत वाद घालू शकतात, म्हणून शाळेसाठी एआरच अधिक सोयीचे, असे माझे मत आहे. हेडसेट चढविलेला मुलगा वर्गात असून नसल्यासारखा होतो.

आता हृदयाच्या आत शिरू. महाशिरेच्या मुखातून उजव्या अलिंदात उतरले की वरच्या कोपऱ्यात एक ठिणगी उमटताना दिसते. हृदयाचे ठोके जिथून सुरू होतात ती ही गाठ कीथ आणि फ्लॅक यांनी १९०७ साली शोधली. ठिणगी दोन्ही अलिंदांवर पसरते, ते आकसतात, आणि मग सगळे क्षणभर अडून राहते. हा अडथळा जेमतेम एकदशांश सेकंदाचा. नेहमीच्या गतीत तो असल्याचा संशयही येत नाही. पण हृदय दहापट सावकाश चालविले तर तोच पूर्ण सेकंदाचा होतो, आणि तेवढ्या अवधीत अलिंदातले उरलेसुरले रक्त निलयात पोचते, त्यासाठीच निसर्गाने ही दिरंगाई राखून ठेवली आहे, हे शिक्षकाने न सांगताही कळते. पुढे निलय पिळवटतो, अलिंद-निलयांमधल्या झडपेची दले वर उडतात आणि पांढऱ्या दोऱ्यांनी खाली ओढून धरल्यामुळे उलटत नाहीत. ती मिटताना होतो तो पहिला आवाज, आणि महाधमनीच्या व फुप्फुसधमनीच्या तोंडाशी असलेल्या अर्धचंद्राकृती झडपा मिटताना होतो तो दुसरा. प्रत्येक ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे मिनिटाला पाच लिटर, हा गुणाकार वहीत केला तर आकडा राहतो. निलयाच्या तळाशी उभे राहून पाहिला तर छाती दडपते.

आणखी एक गोष्ट या संथ हृदयात लक्षात येते, जी मोठमोठ्या सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. हृदय स्वतःचे पोषण आपल्या पोकळीतल्या रक्तावर करीत नाही. महाधमनीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन बारीक धमन्या त्याला रक्त पुरवितात, आणि डाव्या निलयाच्या भिंतीत ते रक्त शिरते ते मुख्यतः हृदय सैल पडलेले असताना, कारण आकुंचनाच्या वेळी भिंत स्वतःच आपल्या वाहिन्या आवळून टाकते. ०.८ सेकंदाच्या एका चक्रात निलयाचे आकुंचन ०.३ सेकंद आणि विसावा ०.५ सेकंद. नाडी फार वाढली की कापला जातो तो मुख्यतः विसावाच, आणि काम वाढले असताना शिधा घटतो. धमनीत अडथळा असलेल्या माणसाला जिना चढताना छातीत का दुखते, याचे निम्मे उत्तर येथे आहे. डॉ. अभय बंग यांच्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकामुळे गडचिरोलीच्या मुलुखातून निघालेले हृदयविवेचन मराठी घराघरांत पोचले आणि धमनीतील अडथळा हा शब्द सर्वांच्या तोंडी झाला. त्या अडथळ्याचे स्थान आणि त्याची वेळ डोळ्यांनी दाखविण्याचे काम आता हे नवे साधन करू शकते.

परंतु हे आभासी हृदय आले कोठून? ते चित्रकाराच्या कल्पनेतून आलेले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९९४ साली एका पुरुषदेहाच्या आणि १९९५ साली एका स्त्रीदेहाच्या आडव्या चकत्यांची छायाचित्रे सर्व जगाला अभ्यासासाठी खुली केली. पुरुष हा टेक्सासमध्ये देहदंड झालेला कैदी होता आणि त्याने आपला देह शास्त्राला दिलेला होता. स्त्री ही मेरीलंडमधील ५९ वर्षांची गृहिणी. गोठविलेला पुरुषदेह एक मिलिमीटरच्या आणि स्त्रीदेह एकतृतीयांश मिलिमीटरच्या अंतराने कापला होता. शरीराच्या कितीतरी संगणकीय प्रतिकृतींची वंशावळ या दोन देहांपाशी जाऊन थांबते. हलणाऱ्या हृदयांसाठी मग जिवंत रुग्णांची सीटी आणि एमआरआय चित्रे, हृदयाच्या विद्युत्-आलेखाशी ताल जुळवून, उपयोगात आणली गेली. प्रेताची आता आवश्यकता उरली नाही असे जे म्हटले जाते, त्यात एवढे विस्मरण आहे.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याला हे विस्मरण शोभणार नाही. या गावात वकिली केलेले मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमटे १९४९ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम करावयास गेले, तेव्हा कुष्ठाचे जंतू प्रयोगशाळेत काही केल्या वाढत नाहीत, ही शास्त्रज्ञांची मोठी अडचण होती. त्यावर बाबांनी प्रयोगासाठी स्वतःचे शरीर देऊ केले. त्याच वर्षी महारोगी सेवा समितीची स्थापना झाली आणि पुढे गावाबाहेरच्या माळरानावर कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभे राहिले. योगायोग असा की, बेवारस मृतदेह वैद्यकीय शिक्षणासाठी सोपविण्याची तरतूद करणारा मुंबई राज्याचा शरीररचना कायदाही १९४९ चाच. चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्हा त्या वेळी मध्यप्रांताच्या अमलाखाली असल्यामुळे तो कायदा इकडच्या दप्तरात पुढे, राज्यपुनर्रचनेनंतर आला. चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ साली आणि गडचिरोलीचे २०२४ साली सुरू झाले. या दोन्ही ठिकाणच्या विच्छेदनगृहांना मृतदेह लागणार आहेत, आणि हेडसेटची खरेदी झाली म्हणून देहदानाच्या अर्जांची निकड कमी झाली असे कोणत्याही अधिकाऱ्याने मानू नये.

आनंदवनाच्या शेजारी राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगावी लागत नाही, ती म्हणजे स्पर्श गेल्यावर माणसाचे काय जाते. कुष्ठरोग हातापायांच्या मज्जातंतूंवर आघात करतो. बधिर झालेल्या हाताला चुलीवरचे भांडे दिसते, पण त्याची आच कळत नाही, आणि पाहता पाहता जखम होऊन बसते. आभासी हृदयापुढे बसलेल्या विद्यार्थ्याचा हात असाच बधिर असतो. डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या तिप्पट जाड असते हे त्याला दिसते. बोटांच्या चिमटीत ती धरली असता कशी घट्ट, चिवट लागते हे त्याला कळत नाही. कंपन देणारे हातमोजे निघाले आहेत, पण वजन आणि ओलेपणा त्यांना अद्याप साधलेला नाही. ऑस्ट्रेलियातील बॉन्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली ५९ जणांना कवटीची रचना व्हीआर, एआर आणि साध्या टॅबलेटवरून शिकवून पाहिली, तेव्हा परीक्षेतील गुणांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. हेडसेट घातलेल्यांनी डोकेदुखी, भोवळ आणि अंधूक दिसण्याची तक्रार मात्र अधिक केली. कवटी स्थिर आणि कठीण असते, हृदय हलते आणि पिळलेले असते, त्यामुळे तो निकाल हृदयाला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी उत्साहाला लगाम घालण्यापुरता तो पुरेसा आहे.

तेव्हा वरोऱ्यातल्या एखाद्या आठवीच्या वर्गाने काय करावे? माझी सूचना खर्चाची नाही. आदल्या संध्याकाळी खाटकाला सांगून ठेवावे की बकऱ्याचे अख्खे दिल हवे, चिरलेले नको, आणि वरची मोठी नळी मुळापासून न कापता दोन-तीन बोटे लांब ठेव. वर्गात प्रथम फोनवर एआरचे हृदय टेबलावर ठेवून मुलांनी ते चोहोबाजूंनी पाहावे. मग ताटात खरे हृदय घ्यावे, ते स्वच्छ धुवावे आणि महाधमनीच्या तोंडात अलगद पाणी ओतावे. आत साकळलेले रक्त उरले नसेल आणि झडप धड असेल, तर पाणी नळीत तुंबून राहते, खाली निलयात उतरत नाही. वरून डोकावले तर तीन पडद्या एकमेकींना भिडलेल्या दिसतात. हृदय एकाच दिशेने रक्त कसे ढकलते, या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर मी पाहिलेले नाही. त्यानंतर कात्रीने डावा निलय उभा चिरावा आणि झडपेचे पांढरे दोरे चिमट्याने ओढून पाहावेत. ज्या घरांतून मांसाला शिवत नाहीत, त्या मुलांना दूर बसून फोनवरचे हृदय पाहण्याची मोकळीक ठेवावी. तंत्राचा हाही एक उपयोगच आहे. खरेदी करावयाचीच झाली तर प्रतिकृतीवरील नावे अलिंद, निलय अशी मराठीत आहेत काय, आणि इंटरनेटचे जाळे नसताना ती चालते काय, एवढे दोन प्रश्न आधी विचारावेत. जंगलातल्या आश्रमशाळेत दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा ठरेल.

तथापि चंद्रपूर-गडचिरोली या जिल्ह्यांत या साधनाचा सर्वांत मोठा उपयोग विद्यार्थ्यांपेक्षा आईबापांना होईल, असा माझा अंदाज आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाल्यापासून त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा फिरून मुले तपासतात, आणि जन्मतः हृदयाला छिद्र असलेली मुले त्यांत सापडतात. अशा मुलाच्या बापाला, जो कदाचित माडिया किंवा गोंडी बोलतो आणि ज्याची मराठी बाजारापुरती आहे, दोन निलयांमधल्या पडद्याला भोक आहे आणि त्यासाठी मोठ्या शहरातल्या इस्पितळात छाती उघडावी लागेल, हे कागदावर चौकोन काढून समजाविणे आणि त्याचा अंगठा संमतिपत्रावर घेणे, यात संमती किती आणि सक्ती किती, हे सांगणे कठीण आहे. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डच्या बालरुग्णालयात अशाच व्यंगांची आभासी हृदये विद्यार्थ्यांप्रमाणे कुटुंबीयांनाही दाखविली जातात. टेबलावर उभे राहिलेले हृदय अर्धे कापून, डावीकडचे तांबडे रक्त जोराने उजवीकडे घुसताना दाखविले, तर भाषेचा अडसर पुष्कळसा दूर होतो. बाप मग प्रश्न विचारू लागतो, आणि तो प्रश्न बहुधा असा असतो की, लावलेले ठिगळ पोरगा वाढेल तसे वाढेल काय. ठिगळ वाढत नाही; त्याच्यावर हृदयाचे स्वतःचे अस्तर चढते आणि भोवतालचा पडदा वाढत जातो, म्हणून ते सहसा बदलावे लागत नाही. हे उत्तर त्याच्या बोलीत देण्यासाठी गावची आशाताई त्या टेबलाशी हजर असली पाहिजे, आणि तिच्या त्या दिवसाच्या भत्त्याची तजवीज खरेदीच्या प्रस्तावातच करून ठेवावी.